चार विती, तीन बोटं

"आधी माप, मग कात्री."

हे ती बाई दिवसातून दहा वेळा म्हणायची. समोर कापड असलं तरी म्हणायची, नसलं तरी म्हणायची. एका शेजारणीने दुसरीबद्दल काही कानात सांगायला सुरुवात केली की ही सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "आधी माप, मग कात्री," आणि सांगणारीचं तोंड तिथल्या तिथे शिवलं जायचं. नवऱ्याने नवा सदरा अंगात घालायच्या आधीच घट्ट आहे म्हणून कुरकुर केली, तरी तेच. शेवटी लोकांनी तिचं नावच मापाबाई ठेवलं. खरं नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर असेल. आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही.

मी दूध घालणारा. गावाबाहेर मनाने आजारी असलेल्या माणसांचं एक घर होतं, त्याला सगळे आधारगृह म्हणायचे. तिथे रोज सकाळी माझे दोन कॅन जायचे. मापाबाईची ही हकिगत निम्मी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि निम्मी तिने माझ्या गाडीच्या कडेला बसून सांगितली. ती सावकाश सांगायची, एकेक टाका ओढून घट्ट केल्यासारखी. मीही तशीच सांगणार. ज्याला घाई असेल त्याने तयार कपडे घ्यावेत.

ते वाक्य मुळात तिचं नव्हतं, तिच्या थोरल्या भावाचं होतं. एसटी थांब्यासमोर दादाचं शिलाईचं दुकान होतं, आत दोन मशिनी. एक दादाची, दुसरीवर ही चौदाव्या वर्षी बसली. एका उन्हाळ्यात शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. माप घ्यायच्या दिवशी एक मुलगी आजारी होती. "एवढीशी तर पोर, असून असून किती असेल," असं म्हणून हिने अंदाजाने कापड कापलं. बाह्या चार बोटं आखूड झाल्या आणि तागा संपला. दादा ओरडला नाही. त्याने फक्त हिची मशीन उचलून दुकानाच्या दारात आणून ठेवली. वर्षभर ती मुलगी रोज सकाळी समोरून शाळेत जायची, एका हाताने दुसऱ्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढत. आणि वर्षभर दादा रोज सकाळी एकच शब्द बोलायचा. "बघ."

त्या वर्षानंतर मापाबाईने कधी अंदाजाने कात्री चालवली नाही. ना कापडावर, ना माणसावर.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, दादा गेला, दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसला. बावन्नाव्या वर्षी मापाबाईने आधारगृहात काम धरलं. रोज सकाळी चार तास, तिथल्या माणसांचे फाटके कपडे शिवायचे. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा सुनेने दारातच बादली आणून ठेवली.

"आई, आधी हातपाय धुवा. मग आत या."

"तिथल्या माणसांचं काही लागत नाही गं."

"माणसांचं नाही म्हणत मी. वास येतोय तो कशाचा?"

वास फिनेलचा होता. फिनेल वरून, खाली दुसरं काय होतं ते सांगायला नको. आधीची ती बटाट्याची वखार होती, त्यामुळे खिडक्या छताला टेकलेल्या. बटाट्याला बाहेर बघायचं नसतं. खाली पुरुष, वर बाया, मिळून साठ माणसं. फाटकावर पाटी होती, "आपुलकीचं दुसरं घर." व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत सोनेरी चौकटीत उत्तम सेवेचं प्रमाणपत्र होतं आणि त्याखाली काचेच्या पेटीत सहा मासे. माशांचं पाणी दर शनिवारी बदलायचे. आतल्या पिंपाचं पाणी शेवटचं कधी बदललं ते त्या पिंपालाही आठवत नसेल. आठ जणांत एक टॉवेल. दात घासायचे सगळे ब्रश रंगाच्या एका रिकाम्या डब्यात उभे, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. ज्या फडक्याने टेबल पुसायचे त्याच फडक्याने म्हाताऱ्यांची तोंडं. माझं दूध स्वयंपाकघरात शिरताना दोन कॅन असायचं आणि वाढायला बाहेर येताना चार.

पहिल्याच दिवशी जेवणाची घंटा झाली आणि मापाबाईने शिवणखोलीच्या दारातून रांग पाहिली. बायांची, पुरुषांची, लांबच लांब रांग. प्रत्येकाच्या उजव्या हातात ताट, आणि प्रत्येकाचा डावा हात पोटावर. एकाचाही सुटलेला नाही.

देखरेखीला एक आडवा-तिडवा माणूस असायचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळणारा. त्याला सगळे किल्लीमामा म्हणायचे.

"काय हो मामा," तिने विचारलं, "सगळ्यांचं एकदमच पोट दुखतं की काय?"

"कसलं दुखतंय. खोड आहे ती. एकाने केलं की दुसरा करतो. मेंढरं."

"वरच्या बायासुद्धा?"

"म्हटलं ना, डोक्याचा आजार. डॉक्टरांनी लिहिलंय फायलीत. तुम्ही शिवा आपलं."

पण शिवणाऱ्या बाईची नजर हाताकडे राहत नाही, हाताने काय धरलंय तिकडे जाते. ती दोन पावलं पुढे गेली आणि तिने पाहिलं. हात पोट धरत नव्हते. हात पायजमे धरत होते.

झालं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी तिथल्या एका माणसाने पायजम्याच्या नाडीने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. तो वाचला, पण वरून आदेश आला. तो अजून भिंतीवर टांगलेला होता. नाडी, दोरी, पट्टा, फीत यांस सक्त मनाई. त्याच दिवशी साठही जणांच्या पायजम्यांच्या नाड्या ओढून काढल्या. आदेशाचं काही चुकलं म्हणत नाही मी. पण नाडी काढल्यावर पायजमा कशाने राहणार, हा विचार सहा वर्षांत एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात आला नाही. आणि पायजमे तरी कसे? शिवून देणाऱ्याने माप विचारलं तेव्हा साहेबांच्या समोर किल्लीमामा उभा होता. साहेब म्हणाले, "याच्या मापाने शिवा, म्हणजे कुणाला घट्ट व्हायला नको." तेव्हापासून किल्लीमामाचं पोट साठ जणांच्या कमरेला आलं होतं.

म्हणून एक हात कायमचा गुंतलेला. एका हाताने ताट आणायचं, ते खाली ठेवायचं, मग पाण्याच्या पेल्यासाठी पुन्हा उठायचं. उठलं की किल्लीमामा खेकसायचा, म्हणून बरेच जण पाणीच प्यायचे नाहीत. तोंड एका हाताने धुवायचं. संडासात तर, जाऊ द्या, अन्न खाणारी माणसं वाचणार आहेत हे. ज्यांचे हात गोळ्यांनी थरथरायचे त्यांचे पायजमे चालता चालता घसरायचे, आणि स्वयंपाकघरातले लोक खिडकीत येऊन हसायचे. एकदा एक म्हातारा तसाच उभा राहिला, पायात पायजम्याचा ढीग, दोन्ही हातांनी ताट घट्ट धरून. भूक मोठी की लाज मोठी, हे ठरवायची वेळ त्याच्यावर आणणारे लोक महिन्याला त्याच प्रमाणपत्राची काच पुसत होते.

शिवणखोलीच्या उंबऱ्यावर एक बाई येऊन बसायची. चाळिशीची, काटकुळी. छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायची पूर्वी, म्हणून तिला बाइंडरताई म्हणायचे. पहिले काही दिवस ती नुसती सुई बघायची. मग एकदा बोलली.

"टाका सरळ आहे तुमचा. मीही असाच घालायचे, पण दोऱ्याला मेण लावून."

"मेणाने काय होतं?"

"दोरा फुगत नाही. पुस्तक मिटून राहतं."

मापाबाईने दुसऱ्या दिवशी घरून मेणबत्तीचा तुकडा आणला. तिथून दोघींचं जमलं. बाइंडरताईचा आजार कधीचा उतरला होता. ती घरी का जात नाही, हे तिने हळूहळू सांगितलं. तिची धाकटी बहीण तिला न्यायला तयार होती, तिच्यासाठी खोली रिकामी करून बसली होती. पण आधारगृहाचा दाखला असल्याशिवाय सोडत नाहीत, आणि दाखला परीक्षेशिवाय नाही. सहा महिन्यांतून एकदा ती घ्यायला पाच जण बसतात. बिछाना घालायचा, चादर घडी करायची, पाण्याचे दोन पेले ठेवलेला ट्रे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्यायचा.

"पहिल्यांदा एकाच हाताने केलं सगळं," ती म्हणाली. "चादरीची घडी एका हाताने होते का? लिहिलं, डावा हात वापरत नाही."

"मग?"

"दुसऱ्यांदा ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे. दोन्ही हातांनी ट्रे उचलला." तिने मेणाचा तुकडा हातात घेतला. "पाच पावलं गेले. मग पायजमा खाली."

मापाबाईच्या हाताखालची मशीन थांबली.

"काय लिहिलं त्यांनी?"

"लाजेचं भान नाही."

"आणि तिसऱ्यांदा?"

"खुर्चीतून उठलेच नाही. लिहिलं, सहकार्य करत नाही." ती मेणाचा तुकडा बोटांत फिरवत होती. "साहेब म्हणाले, आता शेवटची. या खेपेला नाही जमलं तर मागच्या खोलीत. तिथल्यांची परीक्षा घेत नाहीत."

मागच्या खोलीत मी एकदाच डोकावलो होतो. तिथे पायजम्यांचाही त्रास वाचवलेला होता.

परीक्षेला महिना होता. मापाबाई साहेबांच्या खोलीत गेली. साहेब माशांना खाणं टाकत होते, चिमटीने, मोजून.

"साहेब, पायजम्यांना इलास्टिक घालते मी."

"इलास्टिक म्हणजे दोरीच झाली की."

"मग प्रत्येकाचं माप घेऊन कमरेला नीट बसते करते."

"साठ जणांचं माप?" साहेब हसले. "अहो, हे काय लग्नघर आहे? आपलं गृह पहिल्या दर्जाचं आहे. ते वाचा वर."

मापाबाईने प्रमाणपत्र सावकाश वाचलं. "यात कमरेचं काही नाही, साहेब."

"तुम्ही फाटकं शिवायला आहात ना?"

"हो."

"मग फाटकं शिवा."

येता येता ती भिंतीवरच्या आदेशासमोर उभी राहिली. नाडी, दोरी, पट्टा, फीत. तिने दोनदा वाचलं. बटणाचं नाव त्यात नव्हतं.

बटणं तिथेच होती. दान आलेल्या जुन्या कपड्यांची पोती यायची. चांगलं ते कार्यालयातल्यांच्या घरी जायचं, चिंध्या शिवणखोलीत. चिंध्यांना मात्र बटणं असायची, निळी, तपकिरी, काळी. पट्टीला कापडही विकत आणायला नको होतं, किल्लीमामाच्या पोटाएवढा घेर होता प्रत्येक पायजम्याला. राहिलं माप. दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन वर जायला निघाली, तर जिन्यात किल्लीमामा आडवा.

"हे नाही नेता यायचं. दोरी आहे."

"अहो मामा, माप घ्यायची टेप आहे ही."

"लांब आहे ना? मग दोरीच."

"तुमच्या कमरेला किल्ल्या कशात बांधल्यात?"

"माझं वेगळं. मी शहाणा आहे."

"ते दिसतंच आहे," असं म्हणून तिने टेप त्याच्या हातात ठेवली आणि रिकाम्या हाताने वर गेली. दादाने एक गोष्ट शिकवली होती, टेप हरवली तर हात हरवत नाही. तिची वीत कधी चुकायची नाही. बाइंडरताईला तिने उभं केलं, अंगठा आणि करंगळी ताणली आणि कमरेभोवती मोजलं. चार विती, एक बोट कमी.

मग ती एकेकाला बोलावू लागली. कुणी अंग चोरायचं, कुणी डोळे मिटायचं. सहा वर्षांत त्यांना ज्याने त्याने धरलं होतं, ओढलं होतं, ढकललं होतं. मोजलं कुणी नव्हतं. एक म्हातारा होता, चाळीस वर्षं टपाल वाटलेला, टपालआजोबा. त्याचं माप झालं, तरी तो जागचा हलेना.

"झालं, आजोबा."

"किती?"

"चार विती, तीन बोटं."

"पुन्हा मोजा."

तिने पुन्हा मोजलं.

"तेवढंच आलं?"

"तेवढंच. माणूस काय पाच मिनिटांत वाढतो?"

"चार विती, तीन बोटं," तो म्हणाला, पत्ता पाठ करावा तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात. "काल जेवलो मी. पुन्हा मोजा." रोज यायचा. रोज ती मोजायची. रोज तेवढंच भरायचं आणि रोज तो समाधानाने जायचा. त्याचा पायजमा मात्र पुढच्या खेपेत होता. आधी ज्यांचे हात थरथरायचे त्यांचे, असा तिचा क्रम.

काजं करायला वेळ लागायचा. पायजमे ती पिशवीत घालून घरी न्यायची. सून पहिल्या दिवशी नाक दाबून म्हणाली, "हे आणता होय घरात आता?" मापाबाईने नुसता एका पायजम्याचा पुढचा भाग दाखवला. मुठीत धरून धरून तिथलं कापड विरलं होतं, सहा वर्षांच्या बोटांनी पारदर्शक झालेलं. सून बघत राहिली. मग तिने पायजमे उकळत्या पाण्यात टाकले, वाळवले आणि काजं करायला बसली. तिचं काज मापाबाईपेक्षा बारीक होतं. सासू ते कबूल करायची नाही, पण काजाचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचीही नाही. बटण कापडाच्या झडपेखाली झाकलेलं, आठ वेळा दोरा फिरवलेलं, मेण लावून. दातांनीही निघालं नसतं.

परीक्षेपर्यंत अकरा झाले, बारावा मशीनवर होता. ज्यांना मिळाले त्यांचं काय झालं ते मी पाहिलं. एक माणूस नळावर दोन्ही हातांची ओंजळ करून तोंड धूत होता. धुवायचा, थांबायचा, ओंजळ बघायचा, पुन्हा धुवायचा. किल्लीमामा ओरडला, "पाणी संपवतोस का टाकीतलं?" तरी तो धूतच राहिला. एक बाई जेवताना ताटाबरोबर पेला घेऊन आली आणि बसून सगळं पाणी प्याली. एवढंच. जगात कुठेही माणसं रोज करतात तेवढंच. मी सहा वर्षं तिथे दूध घालत होतो आणि मलाही ते हात पोटदुखीचेच वाटले होते.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम कॅन धुवायला वेळ लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवणघर दिसायचं. टेबलामागे डॉक्टर, साहेब आणि बाहेरचे तिघे. बाइंडरताई आली. कमरेला एक तपकिरी बटण, एक निळं, झडपेखाली कुणाला दिसत नव्हतं. तिने बिछाना घातला. चादर दोन्ही टोकांना धरून झटकली, तेव्हा असा आवाज झाला की साहेबांनी दचकून वर पाहिलं. घडी अशी केली की पुस्तकाला कव्हर घालावं. मग तिने दोन्ही हातांनी ट्रे उचलला. पाचव्या पावलाला ती किंचित थांबली. खिडकीत स्वयंपाकघरातले दोघे तोंडावर हात ठेवून तयारच होते. ती सहावं पाऊल चालली. सातवं. पेल्यातलं पाणी हललं, सांडलं नाही.

डॉक्टरांनी फाइल चाळली. "डावा हात सुटला हिचा."

"हो ना," साहेब म्हणाले.

"दोन महिन्यांपूर्वी गोळी बदलली होती मी. लागू पडली म्हणायची."

"शिवाय आमची देखरेख, डॉक्टर."

"असं हात धरणारे आणखी किती आहेत?"

"तसे जवळजवळ सगळेच."

"मग हीच गोळी सगळ्यांना सुरू करू." आणि डॉक्टरांनी लिहायला घेतलं.

मापाबाई शिवणखोलीच्या दारात उभी होती, दातांत दोरा धरून. बाइंडरताईने तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. बोलावं तर बाईचा दाखला अडकणार, शिक्का अजून उमटायचा होता. न बोलावं तर पन्नास माणसांच्या घशाखाली एक गोळी जाणार, बटणाच्या बदली. तिने दोरा सोडला नाही. शिक्का उमटला. तासाभरात बहीण गाडी घेऊन आली. बाइंडरताई आपलं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून फाटकाबाहेर गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा मापाबाईने दातांतला दोरा थुंकला आणि सरळ आत गेली, जिथे पाच जण चहा घेत होते.

"डॉक्टर, ती गोळी कुणाला देऊ नका. मी दोन बटणं लावली होती."

"कसली बटणं?"

तिने नळावरच्या त्या माणसाला बोलावून झडप उघडून दाखवली. नाडी केव्हा काढली, घेर कुणाच्या मापाचा, हात काय धरतात, सगळं सांगितलं. फार बोलली नाही. पाच वाक्यं असतील.

डॉक्टरांचा चहा तसाच राहिला. "हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?"

"तुमच्या फायलीत हात आहे, डॉक्टर. पायजमा कुठे आहे? तुम्ही एकदा तरी विचारलंत का त्यांना, काय धरलंय म्हणून?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाइंडरताईच्या दाखल्यावर त्यांचीच सही होती, ती खोडायची तर कारण लिहावं लागलं असतं. "झालं ते झालं," ते म्हणाले. "गोळीचं नंतर बघू." पण लिहिलेली गोळी त्यांनी खोडली नाही. बिस्किट मात्र संपवलं.

साहेब उठून भिंतीकडे गेले. "आणि उद्या कुणी बटण गिळलं तर? जबाबदार कोण?" त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आदेशाच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक शब्द वाढवला. नाडी, दोरी, पट्टा, फीत, बटण. "ते पायजमे गोळा करा, मापाबाई. बटणं आत्ताच्या आत्ता कापा."

"माप घेऊन लावलेलं मी कापत नाही."

"मग तुमचं इथे काम नाही."

"काम पुष्कळ आहे, साहेब," ती म्हणाली. "बाई नको आहे तुम्हाला."

तिने शिवणखोलीतली पिशवी उचलली, मेणाचा तुकडा, सुयांची डबी आणि दादाची कात्री त्यात टाकली. किल्लीमामा मागोमाग आला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

"कात्री तरी ठेवून जा. कापायचं मला सांगितलंय."

"कात्री माझी आहे, मामा. तुम्ही शहाणे आहात. दातांनी तोडा."

मी त्यानंतरही वर्षभर तिथे दूध घालत राहिलो. हेही सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की शिसारी फक्त त्यांचीच यायला हवी. उरलेल्या दहा जणांची बटणं स्वयंपाकाच्या सुरीने कापली. मेणाच्या दोऱ्याने सुरी बोथट केली, दोन ठिकाणी कापडच फाटलं. ते फाटकं शिवायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

मापाबाई निघाली त्या दिवशी फाटकाशी टपालआजोबा उभा होता. त्याचा पायजमा मशीनवर तसाच पडला होता, एक काज झालेलं, बटण नसलेलं. अंगात जुनाच, डावा हात पोटावर.

"माझा?" त्याने विचारलं.

मापाबाई थांबली. पिशवी खाली ठेवली. अंगठा आणि करंगळी ताणून तिने त्याच्या कमरेभोवती एकदा मोजलं, घाई न करता.

"किती?"

"तुम्हीच सांगा."

"चार विती, तीन बोटं."

"लक्षात ठेवा," ती म्हणाली. "कुणीही शिवायला आलं तर आधी हे सांगायचं."

तिने पिशवी उचलली आणि चालायला लागली. तिची चाल नेहमीचीच होती, जड आणि सावकाश, उन्हात डोक्यावर काही न घेता. मी कॅन गाडीत चढवायचे सोडून बघत होतो. वरच्या पायरीवर किल्लीमामा सुरी हातात धरून उभा होता, तोही बघत होता. टपालआजोबा गजांना नाक लावून तिच्या पाठीकडे बघत होता आणि पुटपुटत होता. ती वळणावरच्या लोहाराच्या दुकानामागे गेली, दिसेनाशी झाली, तरी त्याचं चालूच होतं. चार विती, तीन बोटं. चार विती, तीन बोटं. मग जेवणाची घंटा झाली आणि तो डाव्या हाताने पायजमा सावरत रांगेत जाऊन उभा राहिला.